उत्तमरावच्या राहिलेल्या दोन ओळी

मला सगळ्यात जास्त राग उत्तमरावचाच येतो. ज्यानं आमची वाट अडवली, त्याचा त्याच्या खालोखाल. हे बरोबर नाही, मला कळतं. पण परक्यावर चिडून काही होत नाही हे या वयात समजलेलं असतं, म्हणून माणूस जवळच्यावर चिडतो.

मी भगवान. उत्तमराव माझा शेजारी, घरालाही आणि शेतालाही. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या पुढे, जीपनं अर्ध्या तासावर. गावातून निघालेल्या पांदणीवर, म्हणजे गाडीवाटेवर, आधी त्याचं शेत लागतं, मग माझं. तो मिरची लावतो. त्याच्या बापानंही मिरचीच लावली. धाडच्या आठवडी बाजारात पोतं टाकून बसला, की मिरचीच्या ढिगामागे तो दिसतसुद्धा नाही, आणि ओरडणं तर त्याच्याकडून होतच नाही. ओरडतात त्या गीताबाई, त्याची बायको. गिऱ्हाईक भाव विचारतं उत्तमरावला आणि उत्तर येतं गीताबाईंकडून. एकदा कोणीतरी विचारलं, "मालक मुके हायत का हो?" गीताबाई म्हणाल्या, "नाही, साठवून ठेवते. पोळ्याले या आमच्या गावाले, मंग आयका."

ते खरंच होतं. हा माणूस वर्षातून एकदा बोलायचा.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल सजवून वेशीत आणतात. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखाली जोड्या उभ्या राहतात. तोरण तुटायच्या आधी कोणीतरी पुढे होतो आणि झडती म्हणतो. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी. बैलाच्या, शेताच्या, गावाच्या. शेवटी सगळे मिळून 'हर बोला' करतात. मग मानकरी तोरण तोडतो आणि बैल घरोघर पळतात. तोरण तुटलं की झडती संपली, ती पुढच्या पोळ्यापर्यंत.

दुसऱ्या गावांत झडती दोन ओळींची असेल, चारची असेल, कोणी दहा मिनिटं लांबवतही असेल. आमच्या गावात ती आठ ओळींची. सहा ओळी कौतुकाच्या, एकाच यमकाच्या. मग थांबायचं. आणि मग दोन ओळी वेगळ्या यमकाच्या, त्यांना आम्ही तडाखा म्हणतो. ज्याचं कौतुक केलं त्यालाच तो बसतो. दाण्याच्या गिरणीवाल्याचं उदाहरण देतो. त्याच्या पिठात सारखी कच लागायची. उत्तमरावनं सहा ओळी त्याच्या गिरणीची, पट्ट्याची, पहाटे उठण्याची तारीफ केली. तो मिशीवर हात फिरवत पुढे आला. मग दोन ओळी आल्या: आमच्या गावच्या म्हाताऱ्यांचे दात काळानं पाडले नाहीत, भाकरीनं पाडले. वेस हसून हसून वाकली. गिरणीवाला पण हसला, कारण तडाख्यावर रागवायचं नाही ही रीत. उलट ज्याला बसला त्यानं झडती म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन बोजारा द्यायचा. नारळ, धान्य, जे असेल ते. गिरणीवाल्यानं संध्याकाळी शेरभर डाळ दिली आणि पंधरवड्यात गिरणीच्या जात्याला टाकी लावून घेतली.

हे उत्तमरावला त्याच्या थोरल्या काकांनी शिकवलं. कागदावर नाही, नांगरामागे. तास, म्हणजे नांगराची रेघ, धरून जाताना सहा ओळी म्हणायच्या. बांधाशी पोचलं की बैल वळवायचे, तेव्हा तोंड बंद. बैल वळून सरळ झाले की मग दोन ओळी. "बैल वळते तेवढा वेळ थांबाचं," तो मला सांगायचा. "कमी थांबलं तर ऐकणाराची मान वळत नाही. जास्त थांबलं तर मन दुसरीकडे जाते."

त्या थांबण्यावरच सगळं होतं. तेव्हा वेशीत बद्रुद्दीनचाचा ढोल वाजवायचे. ते धाडचे, पण आमच्या पोळ्याला बापाच्या वेळेपासून येत. सहावी ओळ झाली की त्यांची टिपरी वर जायची आणि तिथेच राहायची, हवेत. खाली यायची ती आठव्या ओळीवर. मी कितीदा उत्तमरावकडे न बघता त्या टिपरीकडेच बघत उभा राहिलोय.

आता पांदणीचं सांगतो.

आमच्या सरपंच अनुपमाबाई. पण गावात सरपंच म्हटलं की लोकांना त्यांचे यजमान शेखर आठवतात. शेखर बुलढाण्याला शिकला, पोरगा हुशार आहे, त्यानं गावात कामं केली हे मी नाकारत नाही. खांबांवर दिवे लागले, गल्ल्यांत फरशी आली, वेशीवर कमान झाली. पण पांदणीच्या तोंडाशी त्याची जमीन आहे. तिथे त्यानं डाळिंब लावलं आणि तारेचं कुंपण घालताना पांदण आत घेतली. पूर्ण. जिथून बैलगाडी जायची तिथे आता डाळिंबाची एक रांग उभी आहे. आमच्यासारखे पाच-सहा जण पलीकडे अडकले. नाल्यातून फिरून जाता येतं, पण पावसाळ्यात नाल्याला पाणी असतं, गाडी जात नाही. ऐन हंगामात मिरचीची पोती डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यावं लागतं. तोडायला येणाऱ्या बायका म्हणतात, तोडून देऊ, वाहणार नाही. मागच्या साली उत्तमरावची अर्धी मिरची झाडावरच लाल होऊन गळाली.

आम्ही शेखरला विचारलं. तो म्हणाला, "काका, मोजणी होऊ द्या, मंग पाहू." मोजणीचा अर्ज केला. तारीख मिळाली, त्या दिवशी पाऊस आला. दुसरी तारीख मिळाली, तेव्हा निवडणुकीचं काम निघालं. मी दोनदा बुलढाण्याला जाऊन बाकावर बसून आलो. तिसऱ्यांदा मला लाज वाटायला लागली, का ते ठाऊक नाही. वाट आमची आणि लाज मलाच.

तेव्हा उत्तमराव म्हणाला, "पोळा येऊन राह्यला. तिथं सांगतो."

आम्ही त्याच्या बांधावर बसलो होतो. त्यानं मला आठही ओळी म्हणून दाखवल्या. मी ऐकल्या आणि मला वाटलं, झालं, वाट उघडली. गावासमोर, बायकांसमोर, पाहुण्यांसमोर शेखरच्या तोंडावर या दोन ओळी पडल्या, तर तो डाळिंबाची रांग स्वतः उपटेल. अर्ज बाकावर पडून राहतो. झडती गावभर फिरते, न्हाव्याच्या दुकानात फिरते, शेखरच्या सासुरवाडीला पोचते.

पण मला एक भीती होती. दोन वर्षांपासून पोळ्याची उत्सव समिती झाली होती आणि झडतीची स्पर्धा लागली होती. बुलढाण्याहून परीक्षक येत. बक्षीस मिळे. ढोलाच्या जागी मोठे भोंगे आले. पोरं चार ओळी म्हणायची, की भोंगा वाजायचा, की पोरं नाचायची. त्या दोन वर्षांत उत्तमराव स्पर्धेत उतरला नव्हता. मी उत्तमरावला म्हणालो, "तू पण चारच म्हण. दोन कौतुकाच्या, दोन तडाख्याच्या."

"दोन ओळीत मानूस फुगत नाही."

"मंग आधी तडाखा म्हण. कौतुक मागून. उलटं कर."

"बैलाले गाडीमांगं जुंपते का कोनी?"

"काऊन नाही? गाडी ढकलत नेईन."

"भगवान, निस्ता तडाखा म्हणजे शिवी आहे. मले शिवी द्याची असती तर मी त्याच्या ओट्यावर जाऊन दिली असती. निस्तं कौतुक म्हणजे चाटूगिरी. दोन्ही लागते. आन् त्याच क्रमानं लागते."

मी म्हणालो, "तुले वाट पाह्यजे का झडती पाह्यजे?"

तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. त्याच्या बैलांची नावं गुलब्या आणि हवालदार. हवालदाराचे चारही पाय खाली पांढरे आहेत, पट्ट्या बांधल्यासारखे. उत्तमराव माझ्याशी भांडला की त्यांच्याशी बोलतो. त्या दिवशी मी ऐकलं, तो हवालदाराला सांगत होता, "म्हणते, उलटं कर."

पोळ्याच्या दिवशी वेशीत नेहमीपेक्षा गर्दी होती. जोड्या मात्र मोजक्याच. ट्रॅक्टर जास्त. ट्रॅक्टरांनाही झुली घातल्या होत्या, एकाच्या बोनेटवर शिंगं बांधली होती. तोरण नव्या कमानीला बांधलं होतं. खाली खुर्च्यांवर परीक्षक, शेखर, अनुपमाबाई. बाजूला धाडच्या तौसिफचे भोंगे. तौसिफ म्हणजे बद्रुद्दीनचाचांचा नातू, दोन पोरांचा बाप आहे आता. चाचांचे हात आता कापतात, ते येत नाहीत.

आधी पोरांनी म्हटल्या. एकानं मोबाइलमध्ये बघून म्हटली. एकीकडे भोंगा, एकीकडे शिट्ट्या. मग उत्तमरावचं नाव पुकारलं. तो गुलब्याच्या वेसणीला धरून तोरणाखाली उभा राहिला. माइक नको म्हणाला, पण समितीच्या पोरानं तोंडासमोर धरलाच. आणि मग तो आवाज निघाला, बाजारात कधीच न निघणारा.

आंब्याची पानं वेशीले बांधली, बैल सजून निंघाले,
शिंगाले बेगड, पाठीले झूल, गोंडे नवे ल्याले,
शेखरभाऊच्या राज्यामंधी खांबाले दिवे झाले,
गल्लीत फरशी, नळाले पाणी, म्हातारे खुशीत न्हाले,
कमान बांधली वेशीले अशी, पाहुणे पाहात राह्यले,
गावाची वाट मोकळी कराले देवच खाली आले.

शेखर फुलला. जसा फुलायला पाहिजे तसाच. खुर्चीतून अर्धवट उठला, हात जोडले, लोकांकडे बघून हसला. परीक्षकांनी माना डोलावल्या. शेवटच्या ओळीतलं 'वाट' ऐकून आमच्या पांदणीवाल्यांच्या अंगावर काटा आला, कारण पुढे काय येणार ते आम्हाला ठाऊक होतं. उत्तमराव थांबला. मान हळूहळू शेखरकडे वळवली. बैल वळतो तेवढा वेळ.

आणि भोंगा वाजला.

तौसिफला वाटलं, संपलं. दोन वर्षं तो चार ओळींवर बटण दाबत होता. सहा झाल्या, माणूस थांबला, म्हणजे संपलंच. 'हर बोला' झालं, पोरं उड्या मारत मध्ये घुसली. उत्तमरावचे ओठ हलताना मी पाहिले. तो दोन्ही ओळी म्हणाला, पूर्ण म्हणाला, पण त्या भोंग्यात त्याच्या बैलालासुद्धा ऐकू गेल्या नसतील. गुलब्या आवाजानं बुजला, उत्तमराव त्याला सावरू लागला, आणि तेवढ्यात मानकऱ्यानं तोरण तोडलं. जोड्या निघाल्या. सगळं एवढ्या थोड्या वेळात झालं, की मी हात वर करून "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा माझ्या बाजूचा माणूस मला म्हणाला, "काका, नाचता काय?"

पहिलं बक्षीस उत्तमरावला मिळालं. परीक्षकांनी सांगितलं की विकासाची दखल घेणारी सकारात्मक झडती त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. पायांवर उभा राहणारा पंखा आणि शाल. उत्तमराव बैल घेऊन केव्हाच निघून गेला होता, म्हणून पंखा समितीच्या पोरांनी माझ्या खांद्यावर दिला. मी तो पंखा घेऊन पूर्ण गाव चाललो. आयुष्यात एवढं हलकं ओझं मला एवढं जड झालं नव्हतं.

त्याच्या घरी पोचलो, तर तो ओसरीवर बसला होता. बैलांची पूजा व्हायची होती, पुरणपोळ्या तव्यावर होत्या. मी पंखा ठेवला. तो म्हणाला, "हे काऊन आनलं?"

"बक्षीस हाय."

"कायचं?"

गीताबाई आतून म्हणाल्या, "आनलं त आनलं. वायरी लावा भाऊजी, चुलीपुढं जीव चालला माह्या."

मी चिडून म्हणालो, "मी तुले सांगतलं होतं. उलटं कर म्हणलं होतं. वेशीत सगळ्यांसमोर त्याले देव करून ठेवला तू. आता त्या दोन ओळी म्हण, आत्ता. मी गावभर सांगतो, चावडीवर लिहून लावतो."

"तोरन तुटलं," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. तोरनाबिगर झडती नसते."

एवढंच. मी त्याच्या अंगणात येरझारा घातल्या. एक माणूस, ज्याची वाट बंद आहे, मिरची गळते आहे, तो मला तोरणाचे नियम सांगतो. मी म्हणालो, "तुझ्या काकानं तुले नांगर शिकवला का अडमुठेपना?" त्याच्या हातात झुलीचा गोंडा होता, तो त्याची दोरी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

मग फोन आला. त्याची मुलगी प्रतीक्षा जालन्याला दिलेली आहे. तिच्याकडे व्हिडिओ पोचला होता. एवढ्यात पोचला होता. फोन आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, कारण उत्तमराव कानाला न लावता समोर धरून बोलतो.

"बाबा, तुमी शेखरभाऊची तारीफ केली?"

"हाव."

"आन् पांदन?"

त्यानं गोंडा खाली ठेवला.

"आमच्या सासऱ्यानं पाह्यलं. म्हणाले, तुझ्या बाबाचं त्याच्याशी जमलं वाटते. काय देलं त्यानं तुमाले?"

"पंखा," उत्तमराव म्हणाला.

मग ती म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला. उत्तमराव फोनकडे बघत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हे फक्त वाटेचं राहिलं नाही. चाळीस वर्षं हा माणूस वेशीत कोणाला भ्याला नाही, कोणाची चाटली नाही, आणि आता त्याची स्वतःची पोरगी त्याला विचारते, काय मिळालं. माझा राग थोडा वेळ कुठे गेला ते कळलं नाही. परत आला, पण नंतर.

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, तौसिफ आला. मोटारसायकल बाहेर उभी करून दारातच थांबला. आजोबांना तो दादा म्हणतो. "चाचा, दादानं लय शिव्या देल्या मले. व्हिडिओ पाह्यला त्यायनं. म्हणे, बेवकूफ, तो वळून राह्यला होता."

"बस," उत्तमराव म्हणाला. "पोळी खाऊन जा."

"नाही चाचा, कसम से, मले वाटलं झालं. मानूस थांबला म्हणजे मी दाबतो."

"तुह्या दादाले इचार, थांबला म्हणजे काय."

तौसिफ खाली मान घालून बसला. तो बसतो न बसतो तोच गल्लीत लोक आले. पुढे शेखर, बाजूला अनुपमाबाई, मागे समितीची चार पोरं, त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल. शेखरच्या हातात नारळ आणि गव्हाचं पायलीभर पोतं. बोजारा.

बोजारा तडाख्याचा असतो. कौतुकाचा बोजारा कोणी देत नाही. देणारा आणि घेणारा दोघांचीही त्यात शोभा होते. पण शेखर नव्या काळाचा, त्याला एवढंच ठाऊक होतं की झडतीत ज्याचं नाव येतं त्यानं द्यायचा. तो अगदी मनापासून आला होता. "काका," तो म्हणाला, "तुमी आज माझी कॉलर टाइट केली. घ्या."

उत्तमराव उठला नाही. हातही पुढे केला नाही. पोरानं मोबाइल वर धरला. गीताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

तेव्हा अनुपमाबाई बोलल्या. त्या माहेरच्या मेहकरकडच्या, फार बोलत नाहीत, सभेत सही करतात आणि बसतात. त्या म्हणाल्या, "काका, सहाच ओळी कशा? मागं तुमी माह्या सासऱ्यावर म्हणली होती, त्याले आठ होत्या. मी नवी सून होती, पन मले याद हाय. दोन राह्यल्या ना?"

"राह्यल्या," उत्तमराव म्हणाला.

"मंग म्हणा ना."

"तोरन तुटलं बाई."

शेखर हसून म्हणाला, "जाऊ द्या ना काका, ज्या झाल्या त्या मस्त झाल्या."

आणि गीताबाई, ज्या तीस वर्षं बाजारात त्याच्या वतीनं भाव सांगत आल्या, त्यांनी तोंड उघडलं. "तोरन पाह्यजे ना तुमाले? मंग हे काय हाय डोक्यावर? सकायी सवता बांधलं. का हे आंब्याचे पानं नाहीत, बाभळीचे हायत?"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पोळ्याला प्रत्येक घराच्या दाराला तोरण असतंच. ते तिथेच होतं, दुपारच्या उन्हानं जरा सुकलेलं, पण शाबूत.

उत्तमराव उठला. सावकाश. दाराखाली आला, तोरणाच्या बरोबर खाली. त्यानं सहा ओळी पुन्हा म्हटल्या, सुरुवातीपासून, कारण त्याशिवाय तो म्हणणारच नव्हता. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, अरे दोनच म्हण, पुन्हा कुठूनतरी भोंगा वाजेल, वीज जाईल, काहीही होईल. पण त्यानं सहाही म्हटल्या. देव खाली आले. मग तो थांबला. शेखर अजूनही हसत होता. तौसिफनं आपला उजवा हात वर धरला होता, बोटं मिटून, जणू त्याच्या मुठीत टिपरी आहे. मला वाटतं त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं.

बैल पुसते मालकाले, आपली पांदन कुठं हारपली?
काटेरी तारेच्या आडून सांगा, कोनाच्या डाळिंबात झोपली?

तौसिफचा हात खाली आला, मांडीवर. कोणी 'हर बोला' केलं नाही. गोठ्यात हवालदारानं शेपटी मारली तेवढा आवाज झाला. शेखरचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. पोरानं मोबाइल खाली केला. त्यानं ते टिपलं होतं की नाही, मला आजपर्यंत कळलं नाही. पुढे कोणाकडेच ते आलं नाही.

अनुपमाबाईंनी शेखरच्या हातातलं गव्हाचं पोतं घेतलं आणि उत्तमरावच्या पायाशी ठेवलं. म्हणाल्या, "आता बरोबर झालं." कशाबद्दल म्हणाल्या, देण्याबद्दल की ओळींबद्दल, ते त्यांनाच ठाऊक. शेखरनं नारळ ठेवला. रागवायचं नाही ही रीत त्याला पाळावी लागली. "काका," तो म्हणाला, "भारीच," आणि निघाला.

मी रात्री नीट जेवलो. मला वाटलं, उद्या तार निघणार.

दुसऱ्या दिवशी निघाली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. वेशीतल्या सहा ओळींचा व्हिडिओ फिरतच होता. धाडच्या बाजारात एका अनोळखी माणसानं मला विचारलं, तुमच्या गावात ते देवमाणूस सरपंच आहेत ना? दाराखालच्या दोन ओळी आम्ही दहा जणांनी ऐकल्या होत्या. मी त्या लोकांना सांगू लागलो, पण माझ्या तोंडून त्या तडाखा वाटत नव्हत्या, तक्रार वाटत होत्या. न्हाव्याच्या दुकानात मी म्हणून दाखवल्या, तर न्हावी म्हणाला, "काका, मान सरळ ठेवा."

मग एका सकाळी शेतात जाताना बघितलं, तर कुंपणाच्या एका कोपऱ्यातला खांब काढलेला. तार मागे गुंडाळून ठेवलेली. डाळिंबाच्या दोन झाडांमधून जागा झाली होती, दोन बैल एकमेकांना खेटून जातील एवढी. गाडी नाही. मी शेखरला रस्त्यात गाठलं. तो नजर न देता म्हणाला, "बैल जाऊ द्या ना काका. गाडीचं पाहू मोजणी झाल्यावर." आणि मग जरा थांबून, "घरातून लय बोलणे बसले मले."

मी हे उत्तमरावला सांगितलं. त्यानं जागा बघितली, खांब उपटल्याचा खड्डा बघितला. म्हणाला, "वेशीत बसला असता तर गाडी गेली असती. दारात बसला, म्हणून बैलच गेले."

प्रतीक्षाला त्यानं फोन केला नाही. गीताबाईंनी केला, दोन ओळी म्हणून दाखवल्या, त्यांच्या बाजारच्या आवाजात. तिनं विचारलं, बाबा कुठायत? तो गोठ्यात होता. तो आलाच नाही फोनवर. गौरीला ती आली तेव्हा बोलले म्हणतात, मी तिथे नव्हतो. पंखा मात्र चुलीपुढे फिरतो आहे.

आता मिरचीची तोडणी चालू आहे. बैल त्या फटीतून शेतात जातात, वखर आम्ही खांद्यावर नेतो. पोती अजूनही डोक्यावरच आणावी लागतात, गाडी रस्त्यावर उभी असते. परवा आम्ही दोघं एकामागे एक येत होतो, त्याच्या डोक्यावर एक पोतं, माझ्या डोक्यावर एक. हिरव्या मिरचीचं पोतं मानेला लागलं की मान जळते. तो पुढे होता आणि काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं शिव्या देतोय, आणि मला बरं वाटलं.

"काय म्हणून राह्यला?"

"पुढच्या पोळ्याचं. शेखरवरच. चार ओळी झाल्या." तो फटीपाशी थांबला, पोतं सांभाळत आडवा वळला. "दोन कमी पडून राह्यल्या. त्याचं आनखी काय चांगलं हाय रे?"

मला एकदम संताप आला. मान जळत होती. "दिवे हायत," मी म्हणालो.

"दिवे झाले औंदा."

"फरशी."

"तेही झालं. नवं सांग."

मी खूप शोधलं. खरंच शोधलं. शेवटी म्हणालो, "बैलापुरती वाट देली ना त्यानं. ते घाल."

तो फटीच्या मधोमध उभा राहिला, दोन्हीकडे डाळिंबाच्या फांद्या, पोतं डोक्यावर तिरपं. विचार करत राहिला. मागे मी, मला पुढे जाता येईना.

"हे कौतुकात जाते का तडाख्यात?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "तू आधी सरक."